समुद्र नाही, तिथे आरमार

प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि त्यांचे सहकारी १९३८ मध्ये चीनला पोहोचले, त्या सुमारास तिथल्या शहरांवर जपानच्या नौदलाची विमानं बॉम्ब टाकत होती, असं वाचलं. नकाशा काढून बघितला, तर हांखौ, चुंगकिंग ही शहरं समुद्रापासून कुठल्या कुठे आत आहेत. तिथे नौदलाचं काय काम? या नौदलाचा प्रमुख कोण होता आणि पुढे त्याचं काय झालं? आमच्या गावात भैया चौकात डॉक्टरांचं स्मारक आहे. त्यांच्याविषयी भाषणं होतात, पण समोरच्या बाजूला कोण होतं हे कोणी सांगत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाव आधी सांगून टाकतो. कोशिरो ओइकावा. एप्रिल १९३८ च्या अखेरीपासून मे १९४० च्या सुरुवातीपर्यंत चीनच्या किनाऱ्यावरचं आणि चिनी नद्यांमधलं जपानी नौदल या माणसाच्या हुकमाखाली होतं. पुढे तो नौदलमंत्री झाला, युद्धाच्या शेवटच्या वर्षी नौदलाच्या मुख्यालयाचा प्रमुख झाला आणि १९५८ मध्ये वयाची पंचाहत्तरी गाठून वारला. जपानी अ‍ॅडमिरल यामामोतोचं नाव पर्ल हार्बरच्या हल्ल्यामुळे सगळ्यांच्या तोंडी असतं. ओइकावाचं नाव जाड पुस्तकांच्या सूचीत शोधावं लागतं. मला मात्र या दोघांत ओइकावाच जास्त कुतूहलाचा वाटतो. का, ते पुढे येईलच. आधी तुमची नकाशाची शंका.

शांघायपासून हांखौपर्यंत यांगत्से नदीतून जायचं तर हजार किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. हांखौ म्हणजे आजच्या वुहान शहराचा एक भाग. अंतर मोठं खरं, पण उन्हाळ्या-पावसाळ्यात पाणी चढलं की समुद्रावर चालणारी मोठी जहाजं सरळ हांखौच्या धक्क्याला लागत. एकोणिसाव्या शतकात चीनच्या गळी उतरवलेल्या तहांमुळे ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच आणि नंतर जपानी गनबोटीही या नदीतून राजरोस फिरत असत. म्हणजे १९३७ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा जपानी नौदलाला ही नदी परकी नव्हती. वर्षानुवर्षं तिथे त्यांची ये-जा होती. पाहुणा म्हणून घरात वावरलेल्या माणसाला चोरवाटा ठाऊक असाव्यात, तसा हा प्रकार.

चिनी सैन्याने नदी अडवण्याची शिकस्त केली. मादांगजवळ जहाजं बुडवून बांध घातला, पाण्यात सुरुंग पेरले, काठावर तोफा बसवल्या. जपानी बोटी सुरुंग काढत काढत वर सरकल्या आणि काठाकाठाने पायदळ चाललं. जूनअखेर मादांग पडलं, जुलैअखेर जिउजियांग पडलं. हांखौच्या अलीकडचा शेवटचा मोठा अडसर म्हणजे तियानजियाझेनचा किल्ला. तो पडला २९ सप्टेंबर १९३८ ला.

आता ही तारीख आपल्या डॉक्टरांच्या प्रवासाशेजारी ठेवा. चीनच्या कम्युनिस्ट फौजांचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, बावीस हजार रुपयांचा निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचं पथक १ सप्टेंबरला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालं. अलाहाबादचे डॉ. मदन अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे डॉ. कोटणीस. १७ सप्टेंबरला ते कँटनला पोहोचले. धक्क्यावर स्वागताला सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग आल्या होत्या. तिथून उत्तरेकडे चांगशामार्गे महिनाअखेरीला पथक हांखौत आलं. म्हणजे नदीवरचा शेवटचा किल्ला ढासळत होता, नेमक्या त्याच दिवसांत हे पाचजण हांखौच्या इस्पितळात जखमींच्या खाटांमध्ये उभे होते. पुढच्या महिन्यात जपान्यांनी दक्षिणेला सैन्य उतरवून २१ ऑक्टोबरला कँटन घेतलं. पथक ज्या दाराने आत आलं ते दार पाच आठवड्यांत बंद झालं. त्यानंतर चार-सहा दिवसांत वुहानही पडलं. पथक तोवर नदीने वर यिचांगकडे सरकलं होतं.

कँटनला सैन्य उतरवणारी जहाजं आणि हांखौच्या दिशेने नदी चढणाऱ्या गनबोटी यांचा वरिष्ठ एकच. ओइकावा.

नौदलाच्या विमानांचं कोडंही इथेच सुटतं. जपानला स्वतंत्र हवाईदल नव्हतं. पायदळाची विमानं वेगळी, नौदलाची वेगळी, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं सख्य नव्हतं. त्यात नौदलाच्या विमानांचा पल्ला मोठा. त्याचं कारण मजेशीर आहे. १९२२ च्या वॉशिंग्टन आणि १९३० च्या लंडन करारांनी युद्धनौकांच्या संख्येवर मर्यादा घातली. विमानांवर अशी मर्यादा नव्हती. तेव्हा जपानी नौदलाने ठरवलं की जमिनीवरून उडून दूर समुद्रात जाऊन शत्रूच्या ताफ्यावर हल्ला करील असं विमान बनवायचं. मित्सुबिशीने ते बनवलं. दोन इंजिनं, सात माणसं, आठशे किलो बॉम्ब. समुद्रातल्या जहाजांसाठी बनवलेलं हे विमान पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते चीनच्या शहरांवर. ऑगस्ट १९३७ मध्ये ही विमानं तैवान आणि क्यूशूमधून उडून, मधला समुद्र ओलांडून हांगचौ आणि नानकिंगवर बॉम्ब टाकून आली, तेव्हा जगभरचे तज्ज्ञ चकित झाले होते.

हांखौ हाती आल्यावर तिथला विमानतळ नौदलाला मिळाला. तिथून चीनची युद्धकाळातली राजधानी चुंगकिंग सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरांच्या आसपास. सोलापूरकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, सोलापूर ते विशाखापट्टणम हे हवाई अंतर साधारण एवढंच भरतं. जमिनीवरून चुंगकिंगला पोहोचणं जपानी पायदळाला जमलं नाही. मध्ये यांगत्सेच्या घळी आणि डोंगर. मग विमानांनी ते काम करायचं ठरलं. ३ आणि ४ मे १९३९ या दोन दिवसांत नौदलाच्या विमानांनी भरवस्तीवर आगीचे बॉम्ब टाकले. बांबू आणि लाकडाची घरं, उतारावरच्या अरुंद गल्ल्या. चार हजारांहून अधिक माणसं गेली. लष्करी ठाणी सोडून शहरच लक्ष्य करण्याची ही पद्धत पुढे सगळ्यांनीच उचलली, आणि शेवटी ती टोकियोवर उलटली.

डॉ. कोटणीस तेव्हा चुंगकिंगमध्ये नव्हते. १९३८ च्या अखेरीला पथक तिथे होतं. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान तिथे भेटले आणि त्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. कोटणिसांचं ‘के दिहुआ’ हे नाव तेव्हाचं. वडील गेल्याची बातमी त्यांना याच सुमारास मिळाली. परतायची मुभा होती, पण ते परतले नाहीत. जानेवारी १९३९ मध्ये चुंगकिंग सोडून पथक १२ फेब्रुवारीला कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोहोचलं. इथून पुढे कोटणिसांचा नौदलाशी संबंध संपतो. उत्तरेच्या डोंगराळ भागात त्यांनी ज्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या ते जपानी पायदळाशी लढणारे होते. तेव्हा ‘समोरची बाजू’ म्हणून ओइकावाचं नाव घ्यायचं ते पहिल्या चार-पाच महिन्यांपुरतंच. हा खुलासा करणं भाग आहे, नाहीतर पुढच्या जयंतीला कुणी तरी भाषणात दोघांची समोरासमोर गाठ घालून देईल.

आता माणूस. ओइकावाचा जन्म ८ फेब्रुवारी १८८३ चा. बालपण जपानच्या ईशान्येकडच्या इवाते भागात गेलं, शाळा मोरिओका गावातली. ही शाळा विलक्षण म्हणायला हवी. १९३८ च्या शरदात, म्हणजे आपले डॉक्टर हांखौत होते तेव्हा, जपानचा नौदलमंत्री योनाई, युद्धमंत्री इतागाकी आणि चीनमधल्या नौदलाचा प्रमुख ओइकावा, तिघेही याच शाळेतून बाहेर पडलेले होते. तिघांची पुढची गत मात्र तीन तऱ्हांची. योनाई शांततावादी म्हणून नावाजला आणि पंतप्रधानही झाला. इतागाकी १९४८ मध्ये फासावर गेला. ओइकावा या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

याच शाळेत त्याच्या मागे शिकलेला एक मुलगा पुढे जपानी कवितेतलं मोठं नाव झाला. ताकुबोकु इशिकावा. त्याला साहित्याची गोडी लावणाऱ्यांत ओइकावा होता, असं सांगतात. ते सहज पटतं, कारण ओइकावा जन्मभर पुस्तकवेडा राहिला. आणि पुस्तकं कोणती? चिनी. कन्फ्यूशियस आणि त्या परंपरेतले जुने ग्रंथ. नौदलात त्याची ओळख चिनी अभिजात वाङ्मयाचा व्यासंगी म्हणून होती. ज्या भाषेतले ग्रंथ त्याने आयुष्यभर उशाशी ठेवले, त्याच भाषेत बोलणाऱ्यांची शहरं त्याच्या हाताखालच्या विमानांनी जाळली. यात त्याला काही विसंगती वाटली का? त्या पिढीतल्या पुष्कळ सुशिक्षित जपान्यांना वाटली नाही. जुना चीन थोर आणि आजचा चीन वठणीवर आणण्याजोगा, असे दोन कप्पे त्यांनी डोक्यात शांतपणे बाजूबाजूला ठेवले होते. इंग्रजांमधल्या संस्कृत पंडितांची आपल्याला आठवण व्हावी.

त्याची बढतीची वाट गुळगुळीत होती. १९०३ मध्ये नौदल विद्यालयातून बाहेर. १९१५ ते १९२२ या काळात युवराज हिरोहितोच्या दरबारात नौदलाचा अधिकारी. ही नेमणूक साधी नव्हती. गोड बोलणारा, भांडण न करणारा, विश्वासाचा माणूस लागे तिथे. मग नौदल विद्यालयाचा प्रमुख. डिसेंबर १९३६ मध्ये नौदलाच्या विमान खात्याची खुर्ची यामामोतोकडून त्याच्याकडे आली. या खात्यात तो दीड वर्षभर होता, आणि याच काळात, १९३७ मध्ये, एका नव्या लढाऊ विमानाची मागणी कारखान्यांकडे गेली. तेच पुढचं ‘झीरो’. ते पहिल्यांदा विमानाशी विमान भिडवून लढलं सप्टेंबर १९४० मध्ये, चुंगकिंगच्या आकाशात. ओइकावा तोवर टोकियोत मंत्रिपदावर बसला होता.

आणि इथून त्याची खरी गोष्ट सुरू होते. चीनमधली दोन वर्षं तो हुकूम बजावणारा होता. मंत्री झाल्यावर हुकूम त्याचा होता.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मनी-इटलीशी करार करायचा की नाही यावर जपानी सरकारात रस्सीखेच चालली होती. पायदळाला करार हवा होता. नौदलाला नको होता, कारण करार म्हणजे आज ना उद्या अमेरिकेशी युद्ध, आणि ते युद्ध लढायचं नौदलाने. नौदलमंत्री योशिदा या ताणाने आजारी पडून बाजूला झाला. ५ सप्टेंबरला ओइकावा आला आणि तीन आठवड्यांत, २७ सप्टेंबरला, बर्लिनमध्ये करारावर सह्या झाल्या. मधल्या काळात नौदलातल्या ज्येष्ठांची बैठक झाली. यामामोतोने विचारलं की आपला बहुतेक कच्चा माल ब्रिटन-अमेरिकेच्या ताब्यातल्या मुलखांतून येतो, करारानंतर तो कुठून आणणार? ओइकावाने या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. सगळ्यांनी संमती द्यावी, एवढं म्हणून तो पुढच्या विषयाकडे वळला.

दुष्ट माणसाने दुष्ट सल्ला दिला असता तर समजण्यासारखं होतं. इथे शहाणा माणूस शहाणा प्रश्न ऐकतो, तो बरोबर आहे हे त्याला कळतं, आणि तो कागद पालटतो.

वर्षभराने हेच पुन्हा, आणि जास्त महागात. १२ ऑक्टोबर १९४१, टोकियोतल्या ओगिकुबो भागात पंतप्रधान कोनोएचं घर. पाच जण बसलेले. कोनोए, युद्धमंत्री तोजो, परराष्ट्रमंत्री तोयोदा, ओइकावा आणि नियोजन मंडळाचा सुझुकी. अमेरिकेशी वाटाघाटी चालू ठेवायच्या की युद्धाची तयारी धरायची, एवढाच प्रश्न. नौदलाने स्वच्छ सांगितलं असतं की हे युद्ध आम्हाला जिंकता येणार नाही, तर तोजोला पुढे रेटणं अवघड गेलं असतं. ते बोलायला नौदलाखेरीज दुसरा कोणी अधिकारीच नव्हता. ओइकावाने काय सांगितलं? युद्ध की वाटाघाटी, हे पंतप्रधानांनी ठरवावं; आम्ही त्यांच्या निर्णयाबरोबर आहोत. कोनोए तर नौदल बोलेल या आशेवर बसला होता. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. चार दिवसांनी कोनोएने राजीनामा दिला, तोजो पंतप्रधान झाला, आणि आठ आठवड्यांच्या आत पर्ल हार्बर.

ओइकावा असा का वागला, याची उत्तरं जपानी अभ्यासक अजून शोधतात. माझं मत असं आहे की व्यक्तीबरोबर खात्याचा स्वभावही बघावा लागतो. नौदल वर्षानुवर्षं अमेरिकेची भीती दाखवून पोलाद, तेल आणि पैसा मागत होतं. आता आम्ही अमेरिकेशी लढू शकत नाही म्हटलं असतं, तर पायदळाने लगेच विचारलं असतं, मग इतकी वर्षं घेतलेल्या पैशाचं काय केलंत? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडण्याचं धैर्य लागतं, आणि ओइकावाच्या सगळ्या कारकिर्दीत त्याला ते कधी लागलंच नव्हतं. तो न भांडता वर चढला होता.

युद्ध संपल्यावर जानेवारी १९४६ मध्ये नौदलातल्या जुन्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून झाल्या गोष्टींचा जाब विचारला. तिथे ओइकावाने सारी जबाबदारी आपली असल्याचं मान्य केलं. सर्वांत कठोर टीका केली ती शिगेयोशी इनोउएने. गंमत म्हणजे चीनमध्ये हाच इनोउए ओइकावाचा चीफ ऑफ स्टाफ होता आणि चुंगकिंगवरच्या १९४० च्या मोठ्या बॉम्बफेकीच्या आराखड्यात त्याचा मोठा वाटा होता. अमेरिकेशी युद्ध नको म्हणून सुरुवातीपासून ठणकावून सांगणारा इनोउए आणि चिनी शहरं जाळण्याचा हिशेब मांडणारा इनोउए ही एकच व्यक्ती. युद्धानंतर तो समुद्रकाठच्या घरात गरिबीत राहिला आणि आसपासच्या मुलांना इंग्रजी शिकवत राहिला. माणसांचे सरळ दोन ढीग करू पाहणाऱ्यांना जपानी नौदलाचा इतिहास फार त्रास देतो.

मधल्या काळात ओइकावा रिकामा बसला नव्हता. नोव्हेंबर १९४३ मध्ये व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी नवं दल काढलं, त्याचा तो प्रमुख झाला. जपानसारख्या बेटांच्या देशाने, जिथे तेलापासून तांदळापर्यंत सगळं बोटीने यायचं, हे दल युद्धाला दोन वर्षं होत आली तेव्हा काढलं! अमेरिकन पाणबुड्या तोवर जहाजं टिपून टिपून बुडवत होत्या. यामामोतोच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं काम असं फिरून ओइकावाच्याच टेबलावर आलं. त्याच्या हाती जुन्या बोटी आणि थोडी विमानं दिली गेली. त्याला ते जमलं नाही. कोणालाच जमलं नसतं.

ऑगस्ट १९४४ मध्ये तो नौदलाच्या मुख्यालयाचा प्रमुख झाला. ऑक्टोबरात फिलिपाइन्सला निघालेला ओनिशी त्याला भेटून गेला. हा ओनिशी हांखौच्या विमानतळावरून चुंगकिंगवर विमानं पाठवणाऱ्यांपैकी एक. आता तो विमानासकट शत्रूच्या जहाजावर कोसळण्याची कल्पना घेऊन आला होता. ओइकावाने संमती दिली, पण हुकूम काढायचा नाही, वैमानिकांनी आपणहून तयार व्हावं, अशी पुस्ती जोडली. निर्णय पुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर, या खेपेला विशी-बाविशीतल्या पोरांच्या. पुढच्या वर्षी मार्चअखेरीला ओकिनावाची लढाई सुरू होताना त्याने सम्राटाला विमानहल्ल्यांचा बेत ऐकवला. सम्राटाने सहज विचारलं, आणि आपली जहाजं? या प्रश्नाची धास्ती घेऊन नौदलाने ‘यामातो’ ही अवाढव्य युद्धनौका विमानांच्या संरक्षणाशिवाय ओकिनावाकडे धाडली, असं मानलं जातं. ७ एप्रिल १९४५ ला ती बुडाली. तीन हजारांहून अधिक खलाशांपैकी तीनशेसुद्धा वाचले नाहीत. मेअखेरीला ओइकावाने पद सोडलं.

शिक्षा? झाली नाही. युद्धगुन्ह्यांसाठी टोकियोत चाललेल्या खटल्यात तो आरोपींच्या पिंजऱ्यात नव्हता. नौदलाचे जे तिघे होते, नागानो, शिमादा आणि ओका, ते डिसेंबर १९४१ मध्ये खुर्चीवर होते. शिमादाचं नशीब बघण्यासारखं आहे. चीनमधलं नौदल ओइकावाने सोडलं ते शिमादाकडे, नौदलमंत्रिपद सोडलं तेही शिमादाकडे. युद्ध पुकारण्याच्या दिवशी सही शिमादाची होती, म्हणून त्याला जन्मठेप. १९५५ मध्ये तो सुटला. चुंगकिंगच्या बॉम्बफेकीबद्दल त्या खटल्यात कुणालाच शिक्षा झाली नाही. मार्च १९४५ मधल्या एका रात्रीत अमेरिकन विमानांनी टोकियोत सुमारे एक लाख माणसं जाळली होती, तेव्हा जेत्यांनाही तो विषय अडचणीचाच होता. अकरा न्यायाधीशांपैकी आपले राधाबिनोद पाल यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. त्याची कारणं मोठी आणि वेगळी, त्यावर कुणी प्रश्न पाठवला तर स्वतंत्र लिहीन.

डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय बत्तीस. अपस्माराचे झटके येत असतानाही ते काम करत राहिले होते. पत्नी गुओ चिंगलान आणि साडेतीन महिन्यांचा मुलगा मागे राहिला. ओइकावा त्या वर्षी नौदलाच्या युद्ध महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून अधिकाऱ्यांना शिकवत होता.

प्रश्न : जपानी नौदलाने भारतावर कधी हल्ला केला होता का? मी आठवीत आहे.
— सोलापूरचीच एक वाचक

उत्तर : केला होता. मार्च १९४२ मध्ये त्यांनी अंदमान घेतलं. ६ एप्रिलला जिसाबुरो ओझावा नावाच्या अ‍ॅडमिरलच्या ताफ्यातल्या ‘र्युजो’ या विमानवाहू नौकेवरून विमानं उडाली आणि त्यांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडावर बॉम्ब टाकले. नुकसान फार मोठं नव्हतं, पण घबराट जबरदस्त पसरली. मद्रास शहरातून माणसं गाठोडी बांधून आतल्या भागात गेली. बंगालच्या उपसागरात ओझावाने त्या दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडवली. ब्रिटिश सरकारने वाटाघाटींसाठी पाठवलेले मंत्री क्रिप्स तेव्हा दिल्लीत काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी बोलत होते.

नकाशावर पट्टी ठेवून बघ. सोलापूर आणि विशाखापट्टणम जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेसतरा अंशांच्या किंचित वर. काकिनाडा तुझ्या गावापासून हवेतून साडेसहाशे-पावणेसातशे किलोमीटर. पण ‘र्युजो’वरची विमानं लहान होती, हांखौच्या त्या मोठ्या विमानांसारखी लांब पल्ल्याची नव्हती, आणि ती खोल समुद्रातून आली होती. सोलापूर त्यांच्या टप्प्यात नव्हतं.

ओझावाबद्दल आणखी एक, कारण वरच्या उत्तराशी त्याचा संबंध आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकन ताफ्याला भुलवून दूर नेण्यासाठी त्याला जवळजवळ रिकाम्या विमानवाहू नौका घेऊन आमिष म्हणून पाठवलं. भुलवणं जमलं, पण चारही नौका बुडाल्या. तेव्हा टोकियोत नौदलाच्या मुख्यालयाचा प्रमुख ओइकावा होता. पुढच्या मे महिन्यात ओइकावा पायउतार झाला, त्याच सुमारास उरल्यासुरल्या ताफ्याचं सर्वोच्च पद ओझावाकडे आलं. त्याबरोबर मिळणारी पूर्ण अ‍ॅडमिरलपदाची बढती मात्र त्याने घेतली नाही. व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणूनच तो निवृत्त झाला आणि १९६६ मध्ये वारला.